एका ग्रॅमचा हिशोब : भोरमधली खाऱ्या पाण्याची टाकी

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं जवळपास तसंच ठेवलं आहे.)

आजचा विषय थोडा गमतीशीर वाटेल. भोर म्हटलं की राजवाडा, भाटघर धरण, नीरा नदी. वेल्ह्यात गेलात तर राजगड, तोरणा, गुंजवणी, कानंदी. सगळीकडे गोडं पाणी, आणि पावसाळ्यात तर नको इतकं. अशा ठिकाणी घरात समुद्राच्या पाण्याची टाकी ठेवायची, त्यात मासे आणि कोरल सांभाळायचे, हे ऐकून लोक आधी हसतात. मग टाकीजवळ येतात, पाच मिनिटं गप्प उभे राहतात आणि एकच प्रश्न विचारतात, "हे खातात काय?"

प्रश्न बरोबर आहे, पण अर्धा आहे. खाल्ल्यानंतर काय होतं, हा उरलेला अर्धा. टाकीतले कोरल जगणार की मरणार हे बहुतेक वेळा त्या अर्ध्यावर ठरतं. आज मी त्यावरच बोलणार आहे.

आधी टाकी सांगतो, म्हणजे पुढचे आकडे समजतील. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. दगड आणि वाळूची जागा सोडली तर साधारण 200 लिटर पाणी. मासे फक्त चार : क्लाउनफिशची जोडी, म्हणजे सिनेमातला निमो, एक फायरफिश आणि दगडावरचं शेवाळ खरवडत बसणारा एक ब्लेनी. कोरल सगळे मऊ जातीचे : मश्रूम, लेदर आणि झोअँथिड. कडक, दगडी कोरल एकही नाही. त्याचं कारण कायद्याचं आहे, त्याकडे नंतर येतो.

वाहतं पाणी आणि कोंडलेलं पाणी

भोरहून वरंध घाट उतरून महाडच्या बाजूला गेलं की काळ नदीवर वाळण कोंड नावाचा डोह लागतो. वरदायिनी देवीच्या नावाने राखलेला. तिथे मोठमोठे महसीर मासे आहेत, आणि ते देवीचे म्हणून कोणी पकडत नाही. लोक कुरमुरे टाकतात, मासे वर येतात, लहान मुलं खूश होतात. आमच्याकडचे बरेच लोक तिथे जाऊन आलेत. त्यामुळे माशांना खाऊ घालणं म्हणजे पुण्याचं काम आणि जितकं जास्त तितकं चांगलं, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

पण तिथे खाली नदी आहे. उरलेला कुरमुरा वाहून जातो, माशांची घाण वाहून जाते, दर पावसाळ्यात डोह धुऊन निघतो. माझ्या टाकीला नदी नाही. जे आत गेलं ते आतच राहतं, मी हाताने बाहेर काढेपर्यंत.

माझी आजी रोज सकाळी टाकीसमोर बसते. तिचं म्हणणं ठरलेलं, "अरे बाळा, एवढंसंच घालतोस? बघ कसे तोंड वासून उभे आहेत." मी म्हणतो, "आजी, ते आत्ताच जेवलेत." तिचं उत्तर, "मग परत का मागतात?"

परत मागतात, कारण समुद्रात पुढचा घास कधी मिळेल याची खात्री नसते. काचेजवळ माणूस आला की खाणं पडतं, एवढं ते दोन दिवसांत शिकतात. तोंड वासून उभा असलेला मासा उपाशीच असतो असं नाही. पोट बाजूने आत ओढलेलं दिसत असेल, पाठीचं मांस बारीक झालं असेल, तर मात्र तो खरंच उपाशी आहे. बघायचं तर तिथे बघा.

एक ग्रॅम

आता हिशोब. माशांच्या सुक्या दाण्यात, म्हणजे पेलेटमध्ये, साधारण 45 टक्के प्रथिनं असतात. प्रथिनांत सुमारे 16 टक्के नायट्रोजन. शिवाय दाण्यात एक टक्क्याच्या आसपास फॉस्फरस. एक ग्रॅम दाणे टाकीत गेले आणि त्यातलं सगळं शेवटी पाण्यात उतरलं असं धरा. मासा खाईल, त्याच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया निघेल, दगडांतले जीवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतील. 200 लिटर पाण्यात त्या एका ग्रॅमने नायट्रेट लिटरमागे साधारण 1.6 मिलिग्रॅम वाढतं आणि फॉस्फेट साधारण 0.15 मिलिग्रॅम.

मऊ कोरलच्या टाकीत नायट्रेट 5 ते 10 मिलिग्रॅम चालतं. फॉस्फेट मात्र 0.03 ते 0.1 च्या दरम्यान ठेवायचा प्रयत्न असतो. म्हणजे एका ग्रॅममध्ये पूर्ण मर्यादा ओलांडायची ताकद आहे. रोज एक ग्रॅम टाकलात तर आठवड्यात फॉस्फेट 1 च्या पुढे, मर्यादेच्या दहापट. प्रत्यक्षात एवढं चढत नाही, कारण थोडं माशाच्या अंगी लागतं, थोडं शेवाळ खातं, थोडं स्किमरच्या फेसाबरोबर बाहेर पडतं. पण दिशा तीच.

फॉस्फेट चढलं की आधी काचेवर हिरवा थर येतो, मग दगडांवर केसांसारखं शेवाळ, मग ते कोरलच्या बुडाशी चढतं. कोरल मिटायला लागतो. मिटला की त्याला उजेड कमी मिळतो, तो अशक्त होतो, शेवाळ आणखी चढतं. माणूस तोपर्यंत दिवा बदलतो, औषध शोधतो, दुकानात फोन करतो. सुरुवात झालेली असते खाण्याच्या डबीपासून.

मी सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा घेतला. ऑनलाइन स्वस्तात मिळतो. माझ्या चार माशांना दिवसाला पाव ग्रॅम सुकं खाणं पुरतं. पाव ग्रॅम म्हणजे किती, हे एकदा तळहातावर घेऊन बघा. लोकांची "एक चिमूट" त्याच्या तिप्पट-चौपट सहज असते.

यावर घरात निघालेला तोडगा सांगतो, तो कोणालाही जमेल. आजीचा रक्तदाबाच्या गोळ्यांचा सात खणांचा डबा असतो ना, सोम ते रवि, तसाच एक माशांसाठी आणला. रविवारी रात्री मी सात खण मोजून भरतो. मी कामासाठी पुण्यात असलो तरी आई किंवा आजी त्या दिवसाचा खण रिकामा करतात. खण रिकामा दिसला म्हणजे जेवण झालं. दोघींनी दोनदा घातलं असं होत नाही. आजीचं मनही राखलं जातं, कारण घालते तीच.

घालायची पद्धत

पहिली गोष्ट, टाकीखालच्या भांड्यातून पाणी वर आणणारा पंप खाण्याच्या वेळी बंद. नाहीतर निम्मे दाणे माशांच्या तोंडाशी यायच्या आत गळतीच्या पन्हळीतून खाली जातात आणि गाळणीत कुजतात. लाटा करणारा पंप मात्र हळू चालू राहू दे, दाणे पाण्यात फिरतात, लाजाळू फायरफिशलाही मिळतात. मोबाइलवर दहा मिनिटांचा गजर लावा, कारण बंद केलेला पंप चालू करायचं हमखास विसरतं.

दुसरी गोष्ट, दिवसाचा वाटा दोन वेळांत, आणि प्रत्येक वेळी चार-पाच हप्त्यांत. एक हप्ता खाल्ला की दुसरा. ज्या क्षणी एखादा दाणा माशासमोरून खाली गेला आणि त्याने वळून पाहिलं नाही, तिथे थांबायचं. सगळं मिळून दोन-तीन मिनिटं.

तिसरी गोष्ट, फ्रीझरमधलं खाणं. मायसिस किंवा ब्राइन श्रिम्प बर्फाच्या छोट्या वड्यांत मिळतात. आठवड्यातून दोनदा मी सुक्या खाण्याऐवजी ते देतो. वडी थेट टाकीत टाकायची नाही. पाव वडी कपात आरओच्या पाण्यात विरघळवायची, चहाच्या गाळणीतून गाळायची आणि गढूळ पाणी बेसिनमध्ये ओतायचं. गाळणी वेगळी ठेवा, नाहीतर घरात दुसराच विषय सुरू होईल. पुण्याहून या वड्या आणताना थर्माकोलचा डबा आणि बर्फ लागतो. एकदा वितळून परत गोठवलेल्या वड्या वापरू नका.

आणि ब्लेनीसाठी नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाचा कागद, बिनमिठाचा, बिनमसाल्याचा. बोटाच्या पेराएवढा तुकडा चिमट्याला लावून ठेवायचा, संध्याकाळी उरलेला काढून घ्यायचा.

कोरल काय खातो?

कोरल प्राणी आहे, पण त्याच्या पेशींत एकपेशीय शैवाल राहतं. ते उजेडावर साखर बनवतं आणि त्यातला मोठा वाटा कोरलला देतं. म्हणजे मऊ कोरलचं मुख्य जेवण तुमच्या दिव्यातून येतं. पाण्यात विरघळलेलं नायट्रेट-फॉस्फेटही त्याला थोडं लागतं. मासे खातात, घाण करतात आणि कोरलला खत मिळतं. म्हणून दुकानातल्या "कोरल फूड"च्या भुकट्या माझ्यासारख्या टाकीला लागत नाहीत. मश्रूमला महिन्यातून एकदा मायसिसचा एखादा तुकडा दिला तर तो झाकण मिटल्यासारखा मिटून घेतो, बघायला मजा येते, पण नाही दिला तरी तो मरत नाही.

इथे उलटी बाजूही आहे. हे ऐकून कोणी खाणं अगदी तोडेल, तर तेही वाईट. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर आले की कोरल फिके पडतात आणि डायनोफ्लॅजेलेट नावाचा तपकिरी, बुडबुडे धरणारा चिकट थर सगळीकडे पसरू शकतो. काही मासे, उदाहरणार्थ बुटके एंजलफिश, उपाशी असले की कोरलला टोचायला लागतात. मी नायट्रेट आणि फॉस्फेट दर रविवारी तपासतो, वहीत लिहितो आणि पुढच्या आठवड्याचा खण त्यावरून भरतो. एका आकड्यावर घाबरून निर्णय घ्यायचा नाही, तीन-चार आठवड्यांची दिशा बघायची.

एक सावधगिरी : झोअँथिडच्या अंगात पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असू शकतं. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय त्याला हात लावू नका, गरम पाण्याने दगड धुऊ नका, कापायच्या भानगडीत तर पडूच नका. घरात लहान मूल असेल तर टाकीला झाकण हवं.

लाइट गेली की

आता आपल्या भागाचा खरा प्रश्न. जूनमधला पहिला वळीव, वारा, झाड तारेवर आणि लाइट गेली. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे एकदा सलग अकरा तास वीज नव्हती. वेल्ह्याच्या आतल्या गावांत हे ऐकून कोणाला नवल वाटणार नाही.

पाण्याची हालचाल थांबली की सगळ्यात आधी ऑक्सिजन संपतो. त्याच तापमानाच्या गोड्या पाण्यापेक्षा खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन साधारण पाचव्या हिश्श्याने कमी मावतो, म्हणजे मुळातच हाताशी कमी. आणि आपण काय करतो? लाइट गेली, काम नाही, टाकीजवळ जाऊन बसतो, आणि "बिचारे अंधारात आहेत" म्हणून थोडं खायला घालतो. खाल्लेला मासा जास्त ऑक्सिजन घेतो, उरलेलं खाणं कुजवणारे जीवाणूही ऑक्सिजन घेतात. त्यामुळे आमच्या घरातला नियम असा : लाइट नाही तर जेवण नाही. धडधाकट क्लाउनफिशला दोन-तीन दिवस खाणं मिळालं नाही तरी काही होत नाही. ऑक्सिजनशिवाय मात्र काही तास.

त्या अकरा तासांत इन्व्हर्टरवर फक्त लाटा करणारा पंप चालू होता. तो 10 ते 15 वॅट घेतो, म्हणजे घरातला एक एलईडी बल्ब. दिवा, हीटर, स्किमर सगळं बंद. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात ठेवा, सेलसकट. चारही मासे आणि सगळे कोरल दुसऱ्या दिवशी व्यवस्थित होते. लाइट आल्यावरही मी त्या रात्री खाणं दिलं नाही, सकाळी अर्धा खण दिला.

उष्णतेचंही तसंच. एप्रिल-मेमध्ये घरातलं पाणी 30 अंशांच्या पुढे जाऊ बघतं, टाकीला हवं 25 ते 27. पाण्यावर पंखा लावला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात, पण दिवसाला तीन-चार लिटर पाणी उडतं. पाणी उडतं, मीठ उडत नाही. म्हणून भर घालायची ती साध्या आरओ पाण्याची, खाऱ्या पाण्याची नाही. पावसाळ्यात हवा दमट झाली की पंख्याचा उपयोग घटतो. आणि थंडीत उलट हीटर लावावा लागतो. पाणी गरम झालं की ऑक्सिजन आणखी कमी, म्हणून उन्हाळ्यात दुपारचं खाणं मी टाळतो. सकाळी आणि रात्री, बस्स.

कोरल कुठून आणायचा आणि कुठून आणायचा नाही

हा भाग नीट ऐका, कारण यात चूक झाली तर मासे मरण्यापेक्षा मोठी भानगड होते.

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत, सगळे दगडी, खडक बांधणारे प्रवाळ आहेत. काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप कोरल, फायर कोरल आणि समुद्रपंखेही आहेत. समुद्रातून तोडणं, विकणं, विकत घेणं सगळा गुन्हा, आणि तीन ते सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

ही यादी किती गांभीर्याने घ्यायची? मुंबईचा किनारी रस्ता बांधताना वरळी आणि हाजी अलीजवळ भरावाच्या जागेत प्रवाळाच्या 18 वसाहती सापडल्या. वन खात्याची परवानगी घेऊन, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली, 2020 च्या नोव्हेंबरमध्ये त्या एकेक करून दुसरीकडे हलवल्या. हजारो कोटींच्या रस्त्याला 18 छोट्या वसाहतींसाठी कागद करावे लागले. आणि मला एकदा फोनवर एकजण सांगत होता, "सर, मालवणचा लाइव्ह रॉक आहे, वर कोरल लागलेला, एसटीने पाठवतो." मी नाही म्हटलं आणि नंबर ब्लॉक केला.

मालवणचं सागरी अभयारण्य 1987 सालचं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास उथळ पाण्यात प्रवाळ आहेत. तिथे स्नॉर्केलिंगला गेलो होतो तेव्हा लोक मासे जमावेत म्हणून पाव टाकत होते, फोटोसाठी. कोरलवर पाय देऊन उभंही राहत होते. समुद्र मोठा आहे, एका पावाने बिघडत नाही. पण शेवाळ खाऊन प्रवाळ मोकळं ठेवणारा मासा पावाच्या मागे धावायला लागला, तर खडकावरचं शेवाळ खाणार कोण? आधीच समुद्र तापतोय. एप्रिल 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी जगातली चौथी व्यापक प्रवाळ-विरंजनाची घटना जाहीर केली. पाणी तापलं की कोरल आतलं शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. त्याला आपण आणखी त्रास द्यायची गरज नाही.

म्हणून माझे तीन नियम. मासे हॅचरीत जन्मलेले. क्लाउनफिश घरात पैदा करायचं तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने केव्हाच बसवलं आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेला घ्यायची गरज नाही. कोरल फक्त मऊ जातीचे, कोणाच्या तरी टाकीत वाढलेल्या तुकड्यापासूनचे, आणि मूळ आयातीचा कागद असेल तरच. शंका आली तर आधी वन खात्याला विचारायचं, मग पैसे द्यायचे. दगड कृत्रिम, सुका. जीवाणू त्यात सहा-आठ आठवड्यांत वसतात, तोपर्यंत मासा आणायचा नाही.

बाहेर काढलेल्या पाण्याचं काय?

हे शहरातले लोक सांगत नाहीत, कारण त्यांच्याकडे भातखाचर नसतं. मी दर आठवड्याला 20 लिटर पाणी बदलतो. लिटरला 35 ग्रॅम मीठ, म्हणजे 700 ग्रॅम मीठ दर आठवड्याला, वर्षाला छत्तीस किलोच्या वर. हे अंगणात, झाडाला, बांधावर किंवा विहिरीजवळ ओतायचं नाही. आपल्याकडची इंद्रायणी आणि आंबेमोहोराची जमीन खारवायला कोणाचीच हरकत नसेल असं समजू नका. मी ते पाणी आंघोळीच्या आणि धुण्याच्या पाण्याबरोबर थोडं थोडं गटारात सोडतो. गाव लहान असेल, सांडपाणी थेट ओढ्याला किंवा परसबागेला जात असेल, तर माझा सल्ला स्पष्ट आहे : खाऱ्या पाण्याची टाकी ठेवू नका. आणि टाकीतला कोणताही जीव, गोड्या पाण्यातला असो वा खाऱ्या, भाटघरच्या किंवा गुंजवणीच्या पाण्यात सोडू नका.

शेवटी, ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी. टाकी घ्यायच्या आधी काटा, सात खणांचा डबा, नायट्रेट-फॉस्फेटचे टेस्ट किट आणि बॅटरीचा हवेचा पंप घ्या. सगळ्यात शेवटी मासे. घरातल्या ज्या माणसाला खाऊ घालायला सगळ्यात जास्त आवडतं, त्याला पहिल्या दिवसापासून कामात घ्या, डबा त्याच्याच हाती द्या. आणि महिनाभर नुसत्या रिकाम्या टाकीचं पाणी, तापमान, क्षारता रोज वहीत लिहून बघा. तेवढं लिहायचा कंटाळा आला, तर थांबा. त्यात कमीपणा काही नाही, आणि कोणाचा जीवही जात नाही.

पुढच्या भागात आरओ, डीआय आणि आपल्या भागातल्या पाण्याचा टीडीएस याबद्दल बोलू. तोपर्यंत, नमस्कार.